नत्था आमच्या गावचा

‘पीपली लाइव्ह’ 13 ऑगस्ट 2010 ला लागला आणि छत्तीसगढमधल्या भिलाईतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून एकच विचारणा सुरू झाली : सिनेमाचा नायक, हा नत्था, खरंच आपल्या भिलाईचा का? खरंच होता. नत्था झालेला नट ओंकारदास माणिकपुरी. आमिर खान स्वतः ही भूमिका करणार होता, पण ओंकारदासची चाचणी पाहून त्याने तो बेत सोडला, ही हकिगत तेव्हा सगळीकडे छापून आली होती. आजोबांना त्यात नवल वाटलं नाही. “तो नाचातला गडी हाये. चालण्यावरूनच कळते,” एवढंच ते म्हणाले. नाचा म्हणजे छत्तीसगढचं लोकनाट्य.

आजोबा गोंदियाकडचे. 1956 पर्यंत भिलाईचा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता, त्यामुळे इकडे नोकरीला येणं म्हणजे परमुलखात जाणं असं त्या पिढीला वाटलंच नाही. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 ला भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, तेव्हा आजोबा कारखान्यात होते. पण रशियन इंजिनियर आणि पोलाद यांच्या गोष्टी ते उरकून टाकत. रंगायचे ते नाचाच्या गोष्टीत.

पाळी संपली की सायकल काढून आजूबाजूच्या खेड्यात जायचं आणि उजाडेपर्यंत बसायचं. वाजवणारे वाद्यं कमरेला बांधून उभे. बायकी वेशातली ‘परी’ डोक्यावर पितळी लोटा घेऊन येई आणि गिरक्या घेतानाही तो हलू देत नसे. मग जोक्कड, म्हणजे विदूषक, येऊन मालगुजारापासून शिपायापर्यंत सगळ्यांची टर उडवी. पहिल्यांदा हे पाहून आजोबा शेजारच्याला म्हणाले होते, “अबे, ही तर आपली खडी गंमत!” खडी गंमत हे झाडीपट्टीतलं लोकनाट्य. तिथे वाढलेल्या माणसाला आणखी काय वाटणार?

नाचाच्या या नटांना जगापुढे नेलं नाट्यदिग्दर्शक हबीब तनवीर यांनी. रायपूरचा जन्म, 1944 ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून बी. ए., मग मुंबई, मग युरोपातलं नाट्यशिक्षण. परत आल्यावर 1958 मध्ये रायपुरात रात्रभर नाचा पाहिला आणि मदनलाल, ठाकूरराम, भुलवाराम अशा नटांना ते थेट दिल्लीला घेऊन गेले. तिथे मात्र गाडं अडलं. अस्सल छत्तीसगढी बोलणाऱ्या नटांच्या तोंडी हिंदी संवाद, वर अमुक ठिकाणी उभा राहा, तमुक वाक्याला वळ. रानात मोकळी फिरणारी गाय दावणीला बांधावी तसं झालं. आपलं चुकतंय कुठे हे उमजायला तनवीरांना बरीच वर्षं लागली, आणि ते त्यांनी पुढे उघडपणे सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसाचा हा गुण मला त्यांच्या नाटकांइतकाच मोलाचा वाटतो.

उमजलं त्याचं मोठं फळ भिलाईत आलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी इथे शिबिर घेतलं. राजस्थानी कथाकार विजयदान देथांकडून ऐकलेली एक चोराची गोष्ट नटांनी आपल्या बोलीत खेळून पाहिली आणि ते अर्धकच्चं नाटुकलं उघड्या मैदानावर सतनामी समाजाच्या मेळाव्यापुढे केलं. नाव होतं ‘चोर चोर’. चोर असून खरं बोलण्याचा नेम पाळणारा आणि त्यापायी जीव गमावणारा नायक, आणि समोर सत्यालाच देव मानणारे लोक! पुढे तेच ‘चरणदास चोर’ झालं, 1982 ला एडिंबरात पारितोषिक घेऊन आलं. आपण त्या मैदानात होतो, असं आजोबा सांगत. आजी म्हणायची, “त्या रात्री यांची नाइट शिफ्ट होती.” तो वाद घरात कधी मिटला नाही.

ओंकारदास याच तालमीतले, नाचातून तनवीरांच्या नया थिएटरमध्ये गेलेले. सिनेमातला नत्था हा भरपाईसाठी आत्महत्या करायला निघालेला शेतकरी. आपल्या मरणाची बोली लागलेली असताना तो पडद्यावर जवळजवळ बोलतच नाही. डोळे बारीक करून नुसता बघत राहतो. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे भोवती नाचतात आणि हा गप्प. पण प्रेक्षकाची नजर त्याच्यावरून हटत नाही. रात्र रात्र रंगणाऱ्या नाचात खेड्यातल्या माणसांना जागं ठेवणाऱ्याला हे जमतं. सिनेमात नया थिएटरचे आणखीही नट आहेत आणि तनवीरांची कन्या नगीन यांचं गाणं आहे. तनवीर स्वतः मात्र जून 2009 मध्येच गेले. हे काही त्यांना पाहायला मिळालं नाही.

शेवटी नत्था गाव सोडून गुडगावला बांधकामावर मजूर होतो. तिथे आजोबा गप्प झाले होते. कारखान्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यातले कितीतरी जण त्यांनी त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे रोजंदारीवर पाहिले होते.

नत्थानंतर ओंकारदासना कामं मिळाली, पण हिंदी सिनेमाची कल्पनाशक्ती तोकडी. एकदा गरीब खेडूत म्हणून पाहिलेला चेहरा तिला दुसऱ्या कपड्यांत दिसतच नाही. 2017 च्या ‘न्यूटन’मध्येही ते छोट्या भूमिकेत आहेत. ‘पीपली लाइव्ह’सारखाच भारतातर्फे ऑस्करला गेलेला तो सिनेमा. त्याचं चित्रीकरण दल्ली राजहऱ्याला झालं, जिथलं लोखंडाचं खनिज भिलाईच्या भट्ट्यांत येतं.