वस्तीची गस्त आणि विहारातली वही



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची ठरली तेव्हा कमिटीची मंडळी आमच्याकडं आली आणि म्हणाली, तुम्ही जुने कार्यकर्ते, चळवळीचा इतिहास लिहून द्या. चळवळीचा इतिहास लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्ही गिरणीत त्रासनखात्यात धागे सांधत वय घालवलेलं माणूस, शिक्षण जेमतेम, वाचन जे झालं ते विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. तेव्हा मोठा इतिहास न लिहिता त्याच कपाटात खालच्या खणात जी लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे, तिचा इतिहास लिहितो. नव्या पोरांना ती हिशेबाची वही वाटते. ती हिशेबाची नाही.

वस्तीची राखण आपण करायची, ही गोष्ट आपल्या लोकांत नवी नाही. गावात होतो तेव्हा सगळ्या गावाची राखण महारानंच करायची, रात्री वेशीवर उभं राहायचं, चोराचा माग काढायचा, आणि स्वतःच्या वस्तीला मात्र राखण कुणाची नाही. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी घेऊन लोक परतले, तोच गावात कुणीतरी आवई उठवली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तेवढ्या एका आवईवर जमाव लाठ्या घेऊन निघाला. जेवत बसलेल्या माणसांना मारलं. आपल्यात लष्करातनं आलेली माणसं होती, त्यांचे हात शिवशिवत होते, पण बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. त्याच काळात समता सैनिक दल उभं राहिलं. दल म्हटलं की आज पोरांच्या डोळ्यांपुढं संचलन येतं. पण मूळ काम सभेला आलेल्या बायामाणसांना सुखरूप घरी पोचवणं, हे होतं. खोटी आवई माणसं मारते, आणि शिस्तीची माणसं जवळ असली तर ती वाचतात, हे दोन्ही महाडला एकाच दिवशी दिसलं. पुढचं सगळं सांगायचं ते ह्याच्याशी जोडलेलं आहे म्हणून आधी सांगितलं.

आता १९९३ कडं येतो.

२९ सप्टेंबरला गणपतीचं विसर्जन झालं होतं. शहरात मिरवणुका, लेझीम, रात्र उशिरापर्यंत जाग. आम्ही तेव्हा तेविशीतले, तिसऱ्या पाळीला होतो. गिरणीत जमीन कायम थरथरतच असते, त्यामुळं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते आम्हाला आधी कळलंच नाही. वरच्या पाइपावर साठलेला कापूस भसकन खाली आला, दिवे झोके घ्यायला लागले आणि पलीकडच्या साइडचा सोबती ओरडला, "आरं मशीन नव्हं, भिंत हलाय लागली!" सगळी माणसं फाटकाकडं पळाली. तिथनं आम्ही वस्तीकडं सायकल हाणली. सगळी वस्ती रस्त्यावर उभी होती, पोरं काखेत, म्हातारी माणसं बाजेवर. कुणाचं काही मोडलं नव्हतं. चला, वाचलो, असं म्हणून लोकांनी चुली पेटवल्या. किल्लारी हे नाव त्या वेळी आमच्यातल्या कुणाच्याही तोंडात नव्हतं.

दुपारपर्यंत सिव्हिलला गाड्या यायला लागल्या. नळदुर्ग, उमरग्याकडनं हैदराबाद रस्त्यानं ट्रक, टेम्पो, जे मिळेल त्यात माणसं घातलेली. तेव्हा कळलं की लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं झोपेत गेली. ६.२ ते ६.४ रिश्टरचा धक्का होता असं पुढं छापून आलं. मेलेल्यांचा आकडा कुणी ८ हजाराच्या आसपास देतं, कुणी १० हजाराच्या घरात. ह्या भागाला भूकंपाचा धोका सगळ्यात कमी, असं त्या काळच्या सरकारी नकाशात होतं. पण आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, किल्लारीला हादरे बसत होते, लोक घराबाहेर झोपत होते. मग हादरे थांबले आणि लोक घरात गेले.

इतकी माणसं का मेली, हे आपल्या लोकांनी समजून घेतलं पाहिजे, कारण आपल्याही जुन्या घरांच्या भिंती त्याच तऱ्हेच्या होत्या. दगड-मातीची दोन-अडीच हात रुंद भिंत, दगड गोलसर, आतला थर आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारा लांब दगड कुठं नाही. वर लाकडी तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचं धाबं. गळायला लागलं की दरवर्षी वर आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, पण डोक्यावर किती वजन झालं ते कोण मोजतो? भिंत फुगली, तुळया निसटल्या, माती खाली आली, आणि बरीच माणसं त्या मातीत गुदमरून गेली. ह्यात एक उलटी गोष्ट घडली. गावाच्या मधोमध ज्यांचे वाडे, त्यांच्या घरात मरणं जास्त झाली. गावकुसाबाहेर कुडाच्या, पत्र्याच्या खोपटात राहणारे आपले लोक पुष्कळ ठिकाणी वाचले. गरिबीनं वाचवलं म्हणायचं! पण ह्यावरून कुणी हसू नये, आम्ही त्या वेळी एकाला हसताना ऐकलं आणि ते अजून कानात आहे.

आता आपल्या वस्तीतल्या त्या रात्री. १ ऑक्टोबरला संध्याकाळी आवई उठली की रात्री बारा वाजता ह्याहून मोठा धक्का येणार, रेडिओवर सांगितलंय. कोणत्या रेडिओवर, कुणी ऐकलं, कुणाला माहीत नाही. भूकंप कधी येणार ते वेळ लावून आजही जगात कुणी सांगू शकत नाही, पण तेव्हा हे सांगणार कोण? सगळी वस्ती मोकळ्यावर झोपली. घरं उघडी. मग दुसरी आवई, की चोर सुटलेत, लोकांना बाहेर काढून घरं धुतात. आम्ही वीसएक पोरांनी काठ्या घेतल्या आणि गस्त घालायला सुरुवात केली. खरं सांगायचं तर आम्हाला बरं वाटत होतं. बाया चहा करून देत होत्या, म्हातारे दादा म्हणून हाक मारत होते.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला नळाजवळ एक माणूस सापडला. अंगावर मळकं धोतर, काखेत गाठोडं. नाव विचारलं, बोलेना. गाठोडं ओढून घेतलं, तर आत पितळेचा तांब्या आणि बाईच्या चांदीच्या पाटल्या. झालं! "सापडला, चोर सापडला." कुणीतरी म्हणालं, "सेटलमेंटचा दिसतोय बे." आणि पहिली थप्पड आम्ही मारली. आम्ही म्हणजे सगळ्यांनी मिळून नव्हे, हे लिहिणाऱ्या हातानं. आजवर हे कुठं लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात वस्तीतल्या एक आक्का पुढं आल्या. आता त्या नाहीत. हातात कंदील होता. त्यांनी तो खाली धरला आणि म्हणाल्या, "आरं मुडद्यांनो, त्याच्या पायाकडं तर बघा." पायाला चिंध्या गुंडाळलेल्या, नखं फुटलेली, आणि गुडघ्यापर्यंत पांढरी माती वाळून बसलेली. धाब्याची माती. हातानं ढिगारा उपसलेला माणूस होता तो. ट्रकवाल्यानं अंधारात रस्त्यावर उतरवलं, सिव्हिल कुठं हे विचारत फिरत होता, आणि काठ्या बघून वाचा बसली होती. पाटल्या त्याच्या आईच्या.

त्याला पाणी पाजलं, सायकलवर बसवून सिव्हिलला नेलं. दोन तास वॉर्ड हिंडल्यावर बहीण सापडली, पाय मोडलेला. तिनं आपल्या लेकराचं विचारलं. त्यानं मान हलवली.

परत येताना कुणी कुणाशी बोललं नाही. आम्हाला मात्र 'सेटलमेंटचा' हा शब्द टोचत राहिला. आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची ती वसाहत होती. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, तो पुढं आपल्याकडंही आला, आणि जन्मानंच चोर ठरवलेली माणसं कुंपणात ठेवली. रोज हजेरी, बाहेर जायचं तर पास, आणि कामाला आपल्याच गिरण्यांत. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर तो कायदा गेला, पण वस्तीचं नाव सेटलमेंटच राहिलं. (१९३० साली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीवर अहवाल देणाऱ्या स्टार्ट समितीत बाबासाहेब होते. तिचे अध्यक्ष स्टार्टसाहेब ह्याच गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचं काम बघणारे अधिकारी. इतिहास असा जवळजवळ राहतो.) जन्मावरून माणूस ठरवण्याविरुद्ध ज्यांचं सगळं आयुष्य, त्या बापाची आम्ही लेकरं, आणि रात्री काठी हातात येताच आमच्या तोंडातनं तोच शब्द!

सकाळी आक्कांनी विहारात सगळ्यांना बसवलं. काठ्या कोपऱ्यात ठेवायला लावल्या. गस्त बंद करा असं त्या म्हणाल्या नाहीत, बायाबापड्यांना रात्री आधार पाहिजेच. पण अनोळखी माणूस दिसला की हात लावायचा नाही, विहाराच्या पायरीवर बसवायचं, पाणी द्यायचं, दोन वडीलधाऱ्यांना उठवायचं, आणि वाटलंच तर पोलीस चौकीला माणूस पाठवायचा, असं ठरलं. काठीऐवजी शिट्टी आणि बॅटरी. कुणी काही ऐकलं तर कुठनं ऐकलं ते आधी सांगायचं, मग बातमी. आणि वही घातली. वहीत घरागणिक नोंद: अंथरुणाला खिळलेलं कोण, दिवस गेलेली बाई कोण, रात्री एकटं कोण झोपतं, भिंत कुणाची फुगली आहे, रक्त द्यायला कोण तयार आहे. पहिल्या पानावरचं अक्षर आमचं आहे.

त्या वहीवरनंच पोरं पाळीपाळीनं सिव्हिलला रक्त द्यायला गेली. बायांनी ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी केली, ती आठ-आठ दिवस टिकते. चादरी गोळा केल्या. टेम्पो घेऊन आम्ही उमरगा तालुक्यातल्या एका गावी गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडलेले पाहिले. शहरातल्यांनी घरातलं नको ते पाठवलं होतं, आणि तिथल्या लोकांनी ते अंगाला लावलं नव्हतं. नुसते बघायला येणारेही इतके की मदतीच्या गाड्या अडून राहत. चादर आणि भाकरी मात्र हातोहात गेली.

पुढं जागतिक बँकेच्या कर्जातनं पुनर्वसन झालं, ५२ गावं नव्या जागी उठवली. काम मोठं झालं, कितीतरी ठिकाणी गावच्या बायांनी पुढं होऊन घरदुरुस्तीवर लक्ष ठेवलं, ते मान्य. पण उठवलेल्या गावांत घराचं माप जमिनीवरनं ठरलं. भूमिहीनाला आणि अगदी थोडी जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, त्याच्या वरच्याला ४००, आणि ७ हेक्टरच्या वर जमीन असलेल्याला ७५०. धरणीनं सगळ्यांना एका मापानं हलवलं आणि सरकारनं परत सातबाऱ्यानं मोजलं.

वही मग बरीच वर्षं कपाटात पडून राहिली. गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद झाले, लोक पांगले. २०१८ साली ती परत काढावी लागली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथं भिक्षा मागायला गेलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. पोरं पळवणारी टोळी फिरते, अशी मोबाइलवरची आवई. त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. पुढं २०२४ मध्ये न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली. ती बातमी वाचताना आम्हाला नळाजवळचा माणूस दिसत होता. राईनपाड्याला कंदील खाली धरणारी आक्का कुणी नव्हती, किंवा होती आणि तिचं कुणी ऐकलं नाही. त्या आठवड्यात वस्तीतल्या पोरांना विहारात बोलावून आम्ही पहिल्या पानावरचे नियम वाचून दाखवले आणि थप्पड कुणी मारली तेही सांगितलं.

२०२० ला टाळेबंदी आली, एप्रिलमध्ये सोलापुरात पहिला रुग्ण निघाला, तेव्हा वहीतल्या नोंदी पोरींनी नव्यानं लिहिल्या. कुणाला साखरेच्या गोळ्या लागतात, कुणाचं डायलिसिस आहे, कुणाच्या घरी माग बंद आणि शिधा संपलेला. आमच्यापेक्षा त्यांचं अक्षर चांगलं आणि काम जास्त नेटकं. त्या वेळीही "अमक्या गल्लीतल्यांना नळावर येऊ देऊ नका" असं म्हणणारे निघालेच. त्यांना पोरींनी पहिलं पान दाखवलं.

सध्या वहीत गेल्या दोन वर्षांत राहायला आलेल्या घरांची नोंद नाही. विहारामागच्या नव्या खोल्यांतले भाडेकरू कर्नाटकातनं आलेत, त्यांच्यात दोन म्हाताऱ्या एकट्या राहतात, त्यांची नावं अजून कुणी विचारलेली नाहीत. वर्धापनदिनाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी वंदना झाल्यावर वही ओट्यावर ठेवली जाईल. घरटी एकानं यावं. दोन बॅटऱ्यांपैकी एक बंद आहे. शिट्टी आमच्याकडं आहे, ती आणून ठेवतो.