आठ मैलांवरचं मॉस्को

४ ऑगस्ट २०२३ला, शुक्रवारी, ऑरेगन आणि वॉशिंग्टन या दोन विद्यापीठांनी पॅक-१२ ही विद्यापीठांच्या खेळांची कॉन्फरन्स सोडून बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जायचं जाहीर केलं. त्याच दिवशी ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हकडे गेली. पुलमनमधला माझा शेजारी, ऐंशीला टेकलेला गव्हाचा शेतकरी, कुंपणापाशी येऊन एवढंच म्हणाला, "आता आपलं मॉस्को होणार."

मॉस्को म्हणजे आयडाहोतलं. आमच्या गावापासून आठ मैल, मधे फक्त राज्याची हद्द. दोन्हीकडे पलूजच्या त्याच टेकड्या, तोच गहू, तोच मसूर. मी मसुराच्या वाणांवर काम करायला इथे आलो आणि इथलाच झालो. पुलमनमध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ, मॉस्कोत आयडाहो विद्यापीठ. एके काळी दोघं एकाच पंगतीला होते.

ती पंगत मांडली गेली १९१५च्या डिसेंबरात, पोर्टलंडच्या एका हॉटेलात. कॅलिफोर्निया (म्हणजे बर्कली), वॉशिंग्टन, ऑरेगन आणि आजचं ऑरेगन स्टेट अशा चौघांनी पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स काढली. पुढे पुलमन आलं, स्टॅनफर्ड आलं, १९२२ साली यूएससी आणि आयडाहो, नंतर मोंटाना आणि यूसीएलए. संघ रेल्वेने जायचे, त्यामुळे कोणी कोणाशी खेळायचं हे नकाशाच ठरवायचा. पुलमन-मॉस्कोत तर रेल्वेचीही गरज नव्हती. १९३८पासून तीसेक वर्षं रीत अशी होती की दोघांच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात हरलेल्या विद्यापीठाच्या पोरांनी जिंकलेल्यांच्या गावी पायी जायचं. आयडाहो बहुतेकदा हरायचं. १९२५नंतर थेट १९५४ साली ते जिंकलं आणि पुलमनची पोरं पायपीट करत मॉस्कोला गेली.

दोनच वर्षांनी भानगड फुटली. मोठ्या विद्यापीठांचे धनवान चाहते खेळाडूंना गुपचूप पैसे पुरवत होते. कॉन्फरन्सने दंड ठोठावले, तशी कॅलिफोर्नियावाल्यांना ही पंगत नकोशी झाली. शिक्षा करणाऱ्यांमध्ये उत्तरेकडची लहान विद्यापीठंही होती, हा राग वेगळाच. १९५९ साली कॉन्फरन्स मोडली. कॅलिफोर्नियातली चार आणि सिएटलचं वॉशिंग्टन अशा पाच जणांनी लगेच नवी मांडली. पुलमनला तिथे १९६२ साली जागा मिळाली, ऑरेगनच्या दोघांना १९६४ साली. आयडाहोला कोणी बोलावलंच नाही. ते १९६३ साली बिग स्काय कॉन्फरन्समध्ये गेलं, मधे काही वर्षं वरच्या श्रेणीत धडपडलं आणि २०१८ साली पुन्हा खाली उतरलं.

म्हणून २०२३ साली जो तो "शंभर वर्षांची परंपरा मोडली" म्हणून हळहळू लागला तेव्हा मला ते पटेना. परंपरा एकदा मोडून झालीच होती. मोडणाऱ्यांनीच नवीवर जुनीचा इतिहास चढवला, इतकंच. पॅक-८, १९७८ साली पॅक-१०, २०११ साली पॅक-१२ अशा पाट्या बदलत गेल्या.

फरक झाला तो पैशाच्या आकारात. १९८४पर्यंत कोणता सामना टीव्हीवर दाखवायचा हे एनसीएए ही देशभरच्या विद्यापीठीय खेळांची संस्था ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो मक्ता मोडला. विरोधात निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः एके काळचे नामांकित फुटबॉलपटू होते, हे मला सूचक वाटतं. तिथून पुढे नकाशाची जागा प्रक्षेपणाच्या कराराने घेतली. २०२२च्या जूनअखेर यूएससी आणि यूसीएलए बिग टेनकडे वळली. पॅक-१२च्या हातात अखेर ॲपलचा प्रस्ताव तेवढा उरला. तो कोणाच्या मनात भरला नाही आणि वर सांगितलेला शुक्रवार उजाडला. सप्टेंबरात स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेली. दोन्ही पॅसिफिकच्या किनाऱ्यावर! उरले पुलमन आणि ऑरेगन स्टेट.

भाऊबंदकीत होतं तसं मग तिजोरीवरून जुंपली. गेलेले दहा जण अजून कारभारी मंडळावर हक्क सांगत होते. आमच्या उत्तरेला पंधराएक मैलांवर कोलफॅक्स आहे, तिथल्या काउंटी कोर्टाने नोव्हेंबर २०२३मध्ये कारभार उरलेल्या दोघांच्या हाती दिला. गावात त्या दिवशी सामना जिंकल्यासारखा जल्लोष होता.

या दोघांनी पुढे जे केलं त्याबद्दल पुलमनमध्ये फारसं कोणी बोलत नाही. २०२४च्या हंगामात खेळायला कोणी नव्हतं तेव्हा माउंटन वेस्ट कॉन्फरन्सने सामने दिले. त्या करारातच अट होती की आमची विद्यापीठं पळवलीत तर भरपाई द्यावी लागेल. १२ सप्टेंबर २०२४ला पॅक-१२ने बॉइसी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट आणि सॅन डिएगो स्टेट ही चार उचलली, मागोमाग युटा स्टेट. वायोमिंग, नेवाडा, न्यू मेक्सिको मागे राहिली. माउंटन वेस्टलाही फार गळा काढायचा हक्क नाही म्हणा, तीही १९९९ साली सोळा जणांच्या दुसऱ्या कॉन्फरन्समधून आठ जण फुटून झालेली. तिने सुमारे साडेपाच कोटी डॉलर मागितले. ही अट बेकायदा आहे असं सांगत पॅक-१२ कोर्टात गेली, आणि त्या करारावर तिचीच सही होती.