फिशिंग ईमेल : विद्यार्थ्यांनी नावापेक्षा पत्ता तपासावा

बेंगळुरू : विश्वासार्ह संस्थेचे सोंग घेऊन ईमेलद्वारे पासवर्ड, ओटीपी किंवा पैसे उकळण्याच्या प्रकाराला ‘फिशिंग’ म्हणतात. महाविद्यालये आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे केंद्र असलेल्या बेंगळुरूत परीक्षा शुल्क, शिष्यवृत्ती आणि नोकरीचे नियुक्तिपत्र ही त्यासाठी सोयीची निमित्ते ठरतात.

पाठवणाऱ्याचे नाव म्हणून काहीही लिहिता येते. त्यामुळे पूर्ण पत्ता पाहणे आवश्यक असते. येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या ईमेल पत्त्याचा शेवट ‘आयआयएससी डॉट एसी डॉट इन’ असा होतो. ‘एसी डॉट इन’ हे डोमेन अर्नेट इंडियातर्फे केवळ शैक्षणिक संस्थांना दिले जाते. मात्र हीच अक्षरे मध्ये आणि शेवटी ‘डॉट कॉम’ असेल, तर तो पत्ता संस्थेचा नसतो.

खरा पत्ताही पुरेसा पुरावा नव्हे. परिचिताचे खाते ताब्यात घेऊनही असे ईमेल पाठवले जातात. ‘आजच शुल्क भरा, अन्यथा प्रवेश रद्द’ अशी घाई केली असल्यास, महाविद्यालयाच्या कार्यालयात स्वतंत्रपणे चौकशी करावी. नोकरीसाठी उमेदवारांकडून पैसे घेतले जात नाहीत, असे इन्फोसिसने स्पष्ट केले आहे.

पासवर्ड दिला गेला असल्यास तो तातडीने बदलावा. पैसे गेल्यास बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर त्वरित तक्रार करावी. विलंब झाल्यास रक्कम अन्य खात्यांत वळवली जाते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६ डी नुसार अशा तोतयेगिरीसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.