पक्षी असलेल्या घरातील स्वयंपाकाची भांडी

पाळीव पक्ष्यांच्या श्वसनाला अपाय होणार नाही अशी भांडी निवडणे आणि ती तशाच रीतीने वापरणे, हा या नोंदीचा विषय. प्रश्न मुख्यतः नॉनस्टिक लेपाचा आहे. हा लेप पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन (पीटीएफई) या प्लॅस्टिकचा असतो. तो प्रमाणाबाहेर तापला की त्यातून वायू आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. माणसाला ते फारसे जाणवतही नाहीत, पण त्याच घरातले बजरीगर, कॉकाटिएल किंवा फिंच काही मिनिटांत दगावू शकतात. पुण्यात या प्रश्नाला दोन गोष्टींनी धार येते. फ्लॅटमध्ये पिंजरा पुष्कळदा स्वयंपाकघराला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत टांगलेला असतो. दुसरे म्हणजे, मराठी घरात तवा कोरडाच तापवतात.

पीटीएफईचा शोध १९३८ मध्ये अमेरिकेत ड्युपाँट कंपनीतील रसायनतज्ज्ञ रॉय प्लंकेट यांना अपघातानेच लागला. ‘टेफ्लॉन’ हे त्याचे व्यापारी नाव. भांड्यांवर हा लेप आला १९५० च्या दशकात, फ्रान्समध्ये. महाराष्ट्रात औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) निर्लेप कंपनीने १९६८ पासून असे तवे घरोघरी पोहोचवले, इतके की कोणत्याही कंपनीच्या नॉनस्टिक तव्याला ‘निर्लेपचा तवा’ म्हणायची सवय अनेक घरांत अजून आहे.

विषाचे स्वरूप : साधारण २६० अंश सेल्सियसपर्यंत लेप स्थिर राहतो. त्यापुढे तो खराब होऊ लागतो आणि ३५० अंशांच्या आसपास त्याचे विघटन जोर धरते. हायड्रोजन फ्लुओराइड, कार्बोनिल फ्लुओराइड, परफ्लुओरोआयसोब्युटिलीन हे त्यातून निघणारे काही विषारी वायू. छोट्या पोपटवर्गीय पक्ष्यांना २८० अंशांच्या आसपासचे तापमानही घातक ठरल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे धूर दिसायच्या आधीच धोका सुरू होतो. माणसाला याच धुराने थंडीतापासारखा त्रास होतो आणि तो बहुधा एकदोन दिवसांत उतरतो.

पक्षी मात्र वाचत नाही, कारण त्याची श्वसनसंस्था वेगळी आहे. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे श्वास घेताना आणि सोडतानाही फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा अतिशय पातळ असतो. उडायला लागणारा भरपूर प्राणवायू या रचनेतून मिळतो, पण विषही तितक्याच वेगाने रक्तात उतरते. पक्ष्याला विषारी वायूची बाधा माणसाआधी होते हे ओळखून शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी कोळशाच्या खाणीत कॅनरी नेण्याचा सल्ला दिला. ब्रिटनमध्ये ही पद्धत १९८६ पर्यंत टिकली.

बाधा झालेला पक्षी चोच उघडून धापा टाकतो, शेपटी वरखाली हलवतो, दांडीवरून खाली पडतो. फुप्फुसात रक्तस्राव होतो, पाणी भरते. उतारा नाही. पक्ष्याला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे आणि ऑक्सिजन देऊ शकणारा पशुवैद्य गाठावा, एवढेच हातात उरते. कुत्र्यामांजरांचा प्रत्येक डॉक्टर पक्षी पाहतोच असे नाही. त्यामुळे पत्ता आधीच विचारून ठेवलेला बरा.

तवा आणि आच : ‘मंद आचेवर वापरा, काही होत नाही’ हा सल्ला ऑम्लेटपुरता ठीक आहे. पोळ्यांच्या वेळी तो टिकत नाही. एक पोळी उतरली की दुसरी लाटून होईपर्यंत तवा रिकामाच आचेवर असतो. भाकरीला तर तो सणसणीत तापलेला लागतो. तेवढ्यात दाराची घंटा वाजली, फोन आला, तर मोठ्या आचेवरचा पातळ कोरडा तवा काही मिनिटांत धोक्याची मर्यादा ओलांडतो. म्हणून पक्षी असलेल्या घरात नॉनस्टिक जपून वापरण्यापेक्षा ते घरातच नसावे, हेच शहाणपणाचे. स्वयंपाकघराचे दार लावून घेणे हा उपाय नव्हे, आणि एक्झॉस्ट पंख्यावरही भिस्त ठेवू नये. तो हवा नेमकी ड्राय बाल्कनीत सोडत असेल तर पक्ष्याच्या दृष्टीने त्याचा उलटाच परिणाम होतो.

निवड : स्टेनलेस स्टील, लोखंड, बीड, काच, इनॅमल आणि माती यांतून असा वायू निघत नाही. पोळी-भाकरीला लोखंडी तवा, घावन-धिरड्यांना बिडाचा, भाजी-आमटीला जाड बुडाचे स्टील, एवढ्यावर घर चालते. चिकटण्याची तक्रार असते ती बहुतेक वेळा नीट न तापलेल्या तव्याची. कांदा अर्धा कापून, काट्याला टोचून तेलात बुडवावा आणि तापल्या तव्यावर फिरवावा. पहिले घावन बिघडले तरी दुसरे सुटते. नवा बिडाचा तवा तेल लावून तापवताना मात्र चांगलाच धूर होतो. तेल जळल्याचा हा धूरही पक्ष्याला सोसत नाही, त्या दिवशी पिंजरा शेजाऱ्यांकडे ठेवावा.

तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत भांडे घेताना घोटाळा होतो तो चिठ्ठीवरच्या मजकुराने. ‘पीएफओए-मुक्त’ म्हणजे पीटीएफई-मुक्त नव्हे. पीएफओए हे लेप बनवताना वापरले जाणारे वेगळे रसायन, २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत गेलेले. ते वगळले तरी लेप तोच असू शकतो. ‘ग्रॅनाइट’, ‘स्टोन’ अशी ठिपकेदार भांडीही अनेकदा आतून पीटीएफईचीच असतात. हार्ड ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम मुळात निर्धोक आहे, पण त्याच्यावर वेगळा नॉनस्टिक लेप असतो का, हे विचारावे. सिरॅमिक लेप सिलिकाचा असतो. त्यात पीटीएफई नसल्याचे स्पष्ट लिहिलेले असेल तरच घ्यावा. दुकानदाराला ‘पीटीएफई आहे का?’ असा नेमका प्रश्न करावा आणि उत्तर गुळमुळीत आले तर स्टील घेऊन घरी यावे.

तांब्यापितळेची गोष्ट थोडी निराळी. कसबा पेठेतल्या तांबट आळीची पेशवाईपासूनची कारागिरी आता पुन्हा घरात येऊ लागली आहे, आणि या भांड्यांना कल्हई लागते. कल्हई कथिलाची असते आणि कथील २३२ अंशांना वितळते, तेव्हा कल्हईचे भांडे कोरडे तापवू नये, कल्हई जाते. पक्ष्याला त्याहून मोठा त्रास कल्हई करताना होतो. तापलेल्या भांड्यात नवसागर पडताच पांढऱ्या, झोंबऱ्या धुराचा लोट उठतो आणि माणसालाही ठसका लागतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कल्हईवाला भाता मांडून बसला असेल तर खालच्या मजल्यांवरच्यांनी पिंजरा आत घेऊन खिडक्या लावाव्यात.

पीटीएफई तव्यापुरतेच नाही. सँडविच टोस्टर, एअर फ्रायर, इस्त्रीचा तळ यांवरही ते असते. थंडीत पिंजऱ्याला ऊब देण्यासाठी लावायच्या काही न फुटणाऱ्या दिव्यांवरही त्याचा लेप असतो आणि त्याने कोंबड्या मेल्याची उदाहरणे आहेत. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी दिवा घेताना हे तपासावे.

ही काळजी कायद्याने पाळता येणाऱ्या पक्ष्यांसाठी आहे. जुन्या वाड्यांत टांगलेला असे तो राघू, म्हणजे देशी पोपट, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पाळता येत नाही. बजरीगर (दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जातात ते बहुधा हेच), कॉकाटिएल हे परदेशी मूळ असलेले पक्षी. त्यांच्या दाणापाण्याची वाटी स्टीलची ठेवावी. पितळेत जस्त असते, आणि चोचीने सतत कुरतडणाऱ्या पक्ष्याच्या पोटात ते गेले तर जस्ताची विषबाधा होते. जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेच्या पिंजऱ्यालाही हेच लागू आहे.