रुग्णालयातील प्रवेश आणि परिचारिकांचे सांघिक कार्य

रुग्णाला दाखल करून घेण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. मात्र तो प्रत्यक्षात उतरवण्याचे काम प्रामुख्याने परिचारिकांकडे असते. बाह्यरुग्ण विभागातून किंवा अपघात विभागातून निघालेला रुग्ण कक्षातील खाटेपर्यंत पोहोचून त्याच्यावरील उपचार सुरू होईपर्यंत किमान चार-पाच जणांच्या हातून जातो. प्रत्येकाने आपापले काम चोख केले, तरी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना माहिती गळून पडू शकते. टाळता येण्याजोग्या अनेक चुकांचे मूळ याच ठिकाणी असते.

महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत परिचर्या विभागाची प्रमुख अधिसेविका, कक्षाची प्रमुख परिसेविका आणि खाटेजवळ सेवा देणारी अधिपरिचारिका अशी पदरचना आहे. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत पूर्वीच्या ‘स्टाफ नर्स’ला आता ‘नर्सिंग ऑफिसर’ असे संबोधले जाते. रुग्ण मात्र सर्वांनाच ‘सिस्टर’ म्हणतो. परिचर्येत आता पुरुषही आहेत, त्यांना ‘ब्रदर’ म्हटले जाते. यांच्या जोडीला कक्षसेवक आणि आया, म्हणजे रुग्णांच्या भाषेत मामा आणि मावशी असतात. प्रवेशाच्या कागदांवर त्यांची नावे येत नाहीत, पण स्ट्रेचरवर रुग्णाला घाम फुटला आहे, तो विसंगत बोलू लागला आहे, हे बहुधा त्यांच्याच लक्षात प्रथम येते. ते सांगण्याची त्यांना मुभा आणि सवय असेल, तरच तो चमू खऱ्या अर्थाने चमू ठरतो.

प्रवेशाचे काम रुग्ण येण्यापूर्वीच सुरू होते. अपघात विभागातून कक्षाला दूरध्वनीवर पूर्वसूचना मिळाली, तर परिसेविका कोणती खाट द्यायची ते ठरवते. दम लागलेला रुग्ण प्राणवायूच्या जोडणीजवळ आणि परिचारिकांच्या टेबलावरून दिसेल अशा ठिकाणी, तर संसर्गाचा संशय असलेला रुग्ण स्वतंत्र खोलीत ठेवावा लागतो. सूचना न देता रुग्ण थेट दारात आला, की हीच व्यवस्था घाईने करावी लागते.

रुग्ण आल्यावर पहिली गोष्ट ओळख पटवण्याची. ‘तुम्ही पाटीलच ना?’ या प्रश्नाला घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस होकारार्थी मान हलवतो. म्हणून त्याला नाव विचारायचे आणि ते नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहायचे, अशी पद्धत आहे. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे, कारण खाटा बदलतात. त्यानंतर तापमान, नाडी, श्वसन, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण यांची नोंद होते. वजनाकडे अनेकदा दुर्लक्ष होते. परंतु लहान मुलांच्या औषधांची मात्रा वजनावरच ठरते, त्यामुळे तेथे अंदाज चालत नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ व टाचा तपासून, शय्याव्रण आधीपासून आहे का, हेही त्याच वेळी लिहावे लागते. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, ही नोंद औषधांच्या तक्त्यावर ठळकपणे दिसली पाहिजे.

घरून आणलेल्या औषधांची पिशवी हा एक वेगळाच धोका आहे. डॉक्टरांनी मधुमेहाच्या गोळ्या लिहून दिलेल्या असतात, परिचारिका त्या वेळेवर देते आणि उशाशी ठेवलेल्या पिशवीतून रुग्ण सवयीने आपली गोळीही घेतो. एकाच औषधाची मात्रा दुप्पट होते आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. पिशवी पाहणारी एक, औषधे देणारी दुसरी आणि नातेवाइकांशी बोलणारी तिसरी असेल, तर ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात येत नाही.

आपल्याकडील अनेक कक्षांत कामाची वाटणी अशीच असते: एकीकडे इंजेक्शने, दुसरीकडे मलमपट्टी, तिसरीकडे लेखनकाम. मनुष्यबळ कमी असताना ही रीत सोयीची वाटते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर प्रशिक्षित परिचारिकांची टंचाई असताना एलेनॉर लॅम्बर्टसन यांनी १९५० च्या दशकात सांघिक परिचर्येची पद्धत मांडली. तीत अनुभवी परिचारिकेच्या नेतृत्वाखाली लहान चमू ठरावीक रुग्णांची संपूर्ण काळजी घेतो. नव्या रुग्णाच्या बाबतीत तरी हेच अधिक योग्य म्हणावे लागेल. कामे कितीही जणींनी केली, तरी या रुग्णाची माहिती पूर्ण झाली की नाही, याचे उत्तर देणारी एक परिचारिका ठरलेली असावी.

पाळी बदलण्याच्या सुमारास आलेल्या रुग्णाच्या बाबतीत याची कसोटी लागते. जाणारी घाईत असते, येणारीला अद्याप काहीच ठाऊक नसते. रुग्णाची सद्यस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि पुढे काय करावे याची शिफारस, या क्रमाने बोलण्याची ‘एसबार’ ही पद्धत अमेरिकी नौदलातून आरोग्यसेवेत आली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेसाठी नऊ उपाय सुचवले. त्यांपैकी रुग्णाची ओळख, रुग्ण सोपवतानाचा संवाद आणि सेवेचे ठिकाण बदलताना औषधांची अचूकता हे तीन थेट प्रवेशप्रक्रियेशी संबंधित आहेत.

प्रवेशच नाकारला गेला तर काय होते, हे सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात दिसले. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेगाडीतून पडून डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका व्यक्तीला एकामागून एक अनेक सरकारी रुग्णालयांत नेण्यात आले, परंतु कोठेही दाखल करून घेतले गेले नाही. अखेर खाजगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या या खटल्यात १९९६ साली न्यायालयाने वेळेवर उपचार न मिळणे हा जीविताच्या हक्काचा भंग ठरवला आणि २५ हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याआधी १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात, जीव वाचवण्याच्या कर्तव्याआड कायदेशीर सोपस्कार येऊ शकत नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले होते. पोलिसांना कळवण्याच्या प्रकरणांतही उपचार आधी, कागद नंतर, असा याचा व्यवहारातील अर्थ होतो.

हे सर्व नीट होण्यासाठी माणसे लागतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी. खाटांखाली, जमिनीवर गाद्या टाकून रुग्ण ठेवावे लागतात अशा कक्षांत हा निकष कागदावरच राहतो.

भाषेचा प्रश्नही आहेच. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या सर्व भागांतून रुग्ण येतात. परराज्यांत राहणाऱ्या मराठी भाषकांनाही तेथील रुग्णालयात हीच अडचण येते. अशा वेळी नातेवाइकांचे साह्य मोलाचे ठरते. चालू औषधांची वेष्टने आणि जुने अहवाल बरोबर आणावेत. ॲलर्जी असल्यास विचारण्याची वाट न पाहता सांगावी. दागिने घरच्यांकडे द्यावेत, आणि माहिती देण्यासाठी घरातील एकाच व्यक्तीला पुढे करावे. चौघांनी चार तारखा सांगितल्या, तर ताप नेमका कधी सुरू झाला, हे केसपेपरवर लिहिणे अवघड होते.