दान आणि दाम

अमेरिकेतील संपत्ती आणि विषमता या विषयावर बोला, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी सांगितले, तेव्हा आम्हांला प्रथम संकोच वाटला. आम्ही अमेरिका पाहिलेली नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते पाळी संपल्यावर एका मोफत वाचनालयाच्या बाकावर. त्या वाचनालयाच्या दारावर देणगीदाराची संगमरवरी पाटी होती. ज्या कारखानदाराचे नाव तीवर कोरले होते, त्याच्याच कारखान्यात आमच्या वडिलांनी उभी हयात कापसाच्या धुळीत खोकत काढली. पुस्तक बदलून बाहेर पडताना त्या पाटीला नमस्कार करावा की तिच्याकडे पाठ फिरवावी, हे आम्हांला त्या वयात उमगत नसे. पुढे वाचता वाचता समजले की, हाच प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील कामगारांना पडला होता, आणि गावेच्या गावे त्यावर भांडली होती. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

तिचा नायक अँड्र्यू कार्नेगी. जन्म १८३५, स्कॉटलंडमधील डन्फर्मलिन गावी, हातमागावर विणणाऱ्या विणकराच्या घरात. वाफेचे माग आले आणि बापाचा धंदा बसला. १८४८ साली हे कुटुंब उसनवारी करून अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियातील ॲलेघेनी या गावी आले. तेरा वर्षांचा अँड्र्यू कापडगिरणीत बॉबिन भरणारा पोऱ्या म्हणून लागला. पगार आठवड्याला एक डॉलर वीस सेंट. पुढे तो तारखात्यात निरोप्या झाला. त्या गावात कर्नल अँडरसन नावाचे एक गृहस्थ होते. ते आपल्या घरची सुमारे चारशे पुस्तके दर शनिवारी कामकरी मुलांना वाचावयास देत. हे उपकार कार्नेगी जन्मभर विसरला नाही. या मुलाला वाचनाची किती तहान होती, हे आमच्यासारख्याला वेगळे सांगावयास नको.

तारखात्यातून तो रेल्वेत गेला, रेल्वेतून लोखंडात, लोखंडातून पोलादात. १८७५ साली पिट्सबर्गजवळ ब्रॅडॉक येथे त्याचा मोठा पोलाद कारखाना सुरू झाला. १८८३ साली शेजारचा होमस्टेडचा कारखानाही त्याने विकत घेतला. रेल्वेचे रूळ, पूल, उंच इमारती यांची भूक संपत नव्हती. प्रत्येक टनामागे खर्च किती आणि तो कसा उतरेल, याचा हिशेब कार्नेगीइतका काटेकोरपणे दुसरा कोणी ठेवीत नव्हता. श्रोत्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की, त्या खर्चात मजुरी हाही एक रकाना होता.

१८८९ साली कार्नेगीने 'संपत्ती' या विषयावर एक लेख लिहिला आणि तो जगभर गाजला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. थोड्यांच्या हाती संपत्ती साठणे हा प्रगतीचा नियमच आहे. मात्र धनिकाने स्वतःला त्या धनाचा विश्वस्त मानावे आणि हयातीतच ते लोककल्याणासाठी वाटून टाकावे. तसे न करता श्रीमंत म्हणूनच मरणे लाजिरवाणे आहे. मोठ्या वारसांवर सरकारने जबर कर बसवावा, असेही त्याने लिहिले. इथपर्यंत आम्हीही टाळी देऊ. परंतु त्याच लेखात आणखी एक विचार आहे, आणि आमचे भांडण त्याच्याशी आहे. हेच धन थोडे थोडे करून पुष्कळांच्या हाती गेले असते, तर ते खाण्यापिण्यात उडाले असते. म्हणून ते एका शहाण्या माणसाच्या हाती साठून त्याने विचारपूर्वक खर्च करणे गरिबांच्याच हिताचे आहे, असे तो म्हणतो. सरळ मराठीत सांगावयाचे तर, तुमचा पगार तुमच्या हाती न पडलेलाच बरा.

या तत्त्वज्ञानाची कसोटी तीन वर्षांतच लागली. होमस्टेडमध्ये लोखंड-पोलाद कामगारांची जुनी, बळकट संघटना होती. तिचा कराराचा काळ ३० जून १८९२ रोजी संपत होता. कराराप्रमाणे पोलादाचा भाव चढला की मजुरी चढे, उतरला की उतरे. मात्र भाव टनाला २५ डॉलरच्या खाली गेला, तरी मजुरी आणखी उतरावयाची नाही अशी तळरेषा होती. व्यवस्थापनाने ती २२ डॉलरवर आणावयाची ठरविली. घासाघीस होता होता व्यवस्थापन २३ वर आले, संघटना २४ वर आली. अंतर एका डॉलरचे राहिले. करार करणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला विचाराल तर एका डॉलरसाठी कोणी कारखाना बंद करीत नाही. संघटनाच मोडावयाची होती.

कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडमध्ये सुटीवर होता. कारभार हेन्री क्ले फ्रिक याच्याकडे होता, आणि कारखाना यापुढे संघटनेविना चालेल असा सूचनेचा मसुदा कार्नेगीने वसंत ऋतूतच त्याच्याकडे पाठविला होता. याच कार्नेगीने १८८६ साली, संघटना करण्याचा कामगारांना हक्क आहे आणि संपातल्या शेजाऱ्याची नोकरी बळकावणे हे पाप आहे, अशा अर्थाचे लिहिले होते. फ्रिकने कारखान्याभोवती उंच कुंपण घातले, त्यावर काटेरी तार ओढली आणि टाळेबंदी जाहीर केली. कारखान्यात सुमारे ३,८०० माणसे होती. त्यांपैकी संघटनेचे सभासद आठशेच्या आत, बहुतेक कसबी कामगार. परंतु बिनकसबी मजूरही, ज्यांत पूर्व युरोपातून नुकतेच आलेले पुष्कळ होते, त्यांच्या मागे उभे राहिले.

६ जुलै १८९२ च्या पहाटे मोनोंगहेला नदीतून दोन तराफ्यांवर बसून पिंकर्टन कंपनीचे तीनशे भाडोत्री शिपाई आले. काठावर सारे गाव जमले होते, बायकामुलांसह. गोळीबार झाला, दिवसभर चकमक चालली, आणि संध्याकाळी पिंकर्टन शरण आले. दोन्हीकडची मिळून निदान दहा माणसे मेली. १२ जुलैला राज्याचे सैन्य आले, सुमारे साडेआठ हजार. सैन्याच्या आडोशाने नवे कामगार आत गेले. पुढाऱ्यांवर खुनाचे आणि राजद्रोहाचे खटले भरले गेले. शिक्षा कोणालाच झाली नाही, परंतु खटल्यांत संघटनेची तिजोरी रिकामी झाली. नोव्हेंबरात लढा संपला. बारा तासांची पाळी पोलादाच्या धंद्याची रीत होऊन बसली. दिवसपाळी-रातपाळी बदलताना पंधरा दिवसांतून एकदा सलग चोवीस तास भट्टीसमोर उभे राहावे लागे.

१९०१ साली कार्नेगीने आपला सारा धंदा जे. पी. मॉर्गन यांच्या गटाला ४८ कोटी डॉलरना विकला. त्याच्या एकट्याच्या वाट्याला २२ कोटींहून अधिक आले. मग त्याने शब्द पाळला, हे मान्य केलेच पाहिजे. १९१९ साली तो वारला तोपर्यंत सुमारे ३५ कोटी डॉलर त्याने देऊन टाकले होते. त्याच्या पैशातून जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली, त्यांपैकी सुमारे १,६८० एकट्या अमेरिकेत. अटही शहाणपणाची होती: इमारत मी देतो, जागा गावाने द्यावी, आणि देणगीच्या दहावा हिस्सा रक्कम दर वर्षी गावाने कर बसवून खर्चासाठी द्यावी. १८९८ साली खुद्द होमस्टेडच्या टेकडीवरही असे ग्रंथालय उघडले. त्यात संगीतसभागृह होते, पोहण्याचा तलाव होता. खाली नदीकाठी कारखाना, वर ग्रंथालय. बारा तास भट्टीपुढे भाजून निघालेला माणूस ती चढण चढून पुस्तक वाचावयास कसा जाणार, एवढा एकच प्रश्न उरला होता.

तो प्रश्न कामगारांनी उघडपणे विचारला. पश्चिम व्हर्जिनियातील व्हीलिंग शहराला कार्नेगीने ७५ हजार डॉलर देऊ केले, तेव्हा तिथल्या कामगार संघटनांनी विरोध केला. त्यांना ग्रंथालय हवे होते, पण होमस्टेडच्या पैशाचे नको होते. १९०४ साली मतदान झाले आणि योजनेला आवश्यक तेवढी मते पडली नाहीत. पुढे शहराने आपल्याच पैशाने ग्रंथालय बांधले. हा निव्वळ हट्ट होता, असे तेव्हा पुष्कळांना वाटले, आणि आजही काही श्रोत्यांना वाटेल. इतर शेकडो गावांनी देणगी घेतली, त्यांची मुले शिकली, हेही तितकेच खरे. आम्ही स्वतः अशाच एका देणगीचे खाऊन मोठे झालो. व्हीलिंगच्या कामगारांपुढे मिरविण्याचा किंवा त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांला नाही.

मग कार्नेगीच्या म्हणण्याला उत्तर काय? ते त्याच्याच घरात सापडते. आपल्या आठवणींत तो अभिमानाने सांगतो की, डन्फर्मलिनमध्ये जे पहिले फिरते ग्रंथालय निघाले, ते पाच विणकरांनी आपापली पुस्तके एकत्र करून काढले, आणि त्या पाचांत त्याचा बाप होता. हातमाग चालत होता, चार पैसे सुटत होते आणि दिवस आपल्या हाती होता, तेव्हा विणकरांनी ते पैसे नुसते खाण्यापिण्यात उडविले नाहीत. त्यांनी ग्रंथालय काढले. थोडे थोडे धन पुष्कळांच्या हाती गेले तर वाया जाते, या सिद्धान्ताला छेद देणारा पुरावा कार्नेगीला लहानपणीच, बापाच्या फळीवर मिळाला होता.

म्हणून आमच्या मते वाद धनिक उदार की कृपण हा नाही. कार्नेगी उदारच होता. वाद एवढाच की, गावाला काय हवे हे ठरविणार कोण. देणगी केव्हा, किती आणि कशासाठी, हे देणारा एकटा ठरवितो. मजुरी आणि कामाचे तास मात्र दोन पक्षांनी बसून ठरवावे लागतात, आणि कर तर साऱ्या समाजाने. अमेरिकेला हे हळूहळू पटले, पण किंमत मोजून. १९१३ साली घटनादुरुस्तीने संघराज्याचा प्राप्तिकर आला, १९१६ साली वारसांच्या मालमत्तेवरचा कर. १९१९ चा पोलाद कामगारांचा मोठा संप मोडला गेला. परंतु लोकमताच्या रेट्याने १९२३ साली बारा तासांची पाळी जाऊ लागली. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने संघटनेच्या हक्काला संरक्षण मिळाले. १९३७ साली, होमस्टेडनंतर पंचेचाळीस वर्षांनी, मॉर्गनच्या त्याच पोलाद कंपनीने कामगारांच्या संघटनेशी करार केला आणि आठ तासांचा दिवस मान्य केला.

आपल्याकडे या विचाराचा एक धागा सरळ अमेरिकेतूनच आला आहे. सयाजीराव गायकवाड महाराजांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. बडोदे संस्थानात मोफत ग्रंथालयांचे जाळे पसरले. त्यात गावाने वर्गणी काढावी आणि सरकार व पंचायत यांनी भर घालावी, अशी रीत होती. पैसा राजाच्या खजिन्यातला असला, तरी तिथे गावाचा हात लागला होता, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

अमेरिकेत मात्र चाक पुन्हा उलटे फिरले आहे. १९५० च्या दशकात तिथे जवळजवळ एकतृतीयांश नोकरदार संघटनांत होते आणि प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ९१ टक्के होता. आज संघटित कामगार दहांत एक उरला आहे आणि वरचा दर ३७ टक्के आहे. वरच्या एक टक्का लोकांकडे देशाची सुमारे तीस टक्के संपत्ती आहे. खालच्या अर्ध्या लोकसंख्येकडे जेमतेम अडीच टक्के. आणि नेमक्या याच काळात, २०१० साली, अब्जाधीशांनी निम्मी संपत्ती दान करण्याची जाहीर प्रतिज्ञा सुरू केली. कार्नेगीचा लेख जुना झालेला नाही, हे यावरून दिसेल.

होमस्टेडचा कारखाना १९८६ साली बंद पडला. त्या जागी आता दुकाने आहेत आणि आठवणीदाखल धुराड्यांची एक रांग. टेकडीवरचे ग्रंथालय अजून उघडे आहे. कारखाना गेला आणि देणगी उरली, हे कार्नेगीच्या बाजूने सांगितले पाहिजे.

आमच्या वाचनालयाची ती पाटीही अजून आहे. तिला आम्ही आता पाठ फिरवीत नाही. आत जे मिळाले त्याबद्दल मनात कृतज्ञता आहे. मात्र तिच्यावर एक नाव कमी आहे, हे आम्हांला दिसते. त्या इमारतीच्या दगडांत ज्यांचा घाम जिरला, त्या शेकडो पाळीवाल्यांत आमचे वडीलही होते. त्यांना कोणी विचारले असते, तर त्यांनीही वाचनालयच मागितले असते की आधी धूळ ओढून घेणारा पंखा, हे सांगता येत नाही. त्यांना कोणी विचारले नाही, एवढेच आम्हांला ठाऊक आहे.