दहा-आठचा सेट

गेल्या आषाढीला घोराडहून दर्शन घेऊन परतले आणि साबुदाण्याची उसळ परतायला टाकली. तेवढ्यात भावाची नात मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "आजी, विम्बल्डनला मॅच जिंकलेली पहिली भारतीय बाई कोण?"

मी म्हटलं, "सानिया."

"चूक. लीला राव. १९३४."

हे नाव मला ठाऊक होतं, पण टेनिसमधून नव्हे. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. त्याआधी एम.ए.ला आधुनिक संस्कृतच्या पेपरात पंडिता क्षमा राव आल्या की त्यांच्या खाली एका ओळीत त्यांची लेक यायची. श्रीमती लीला राव दयाल, आईच्या कथांवरून रूपकं लिहिली, संपलं. दोन मार्कांची बाई. सेलू-नागपूर एसटीत खिडकीशी बसून तिच्या रूपकांची नावं मी घोकली आहेत: बालविधवा, कटुविपाकः, मिथ्याग्रहणम्, जयन्तु कुमाऊनीयाः.

"तिच्या आईचं नाव बघ," मी म्हटलं.

"क्षमा. संस्कृत पोएट म्हणतात."

म्हणजे तीच! उसळ खाली लागली, तरी माझं लक्ष नव्हतं. संस्कृतवाल्यांनी मला तिच्या टेनिसचं कधी सांगितलं नव्हतं आणि खेळवाल्यांना तिच्या नाटकांशी देणंघेणं नव्हतं. एका बाईचे दोन तुकडे करून दोघांनी आपापला घरी नेला होता.

आषाढीचा दिवस होता म्हणून आणखी एक गोष्ट आठवली. या लीलेचे आजोबा, आईचे वडील, म्हणजे शंकर पांडुरंग पंडित. अथर्ववेदाची आणि कालिदासाच्या ग्रंथांची चिकित्सक आवृत्ती काढणारे. विष्णु परशुरामशास्त्री पंडितांबरोबर त्यांनी तुकोबांची गाथा संपादली, ती १८६९ आणि १८७३ साली इंदुप्रकाशने दोन भागांत छापली. पुढे ते पोरबंदरचे कारभारी झाले आणि स्वामी विवेकानंद तिथे त्यांच्याकडेच राहिले. १८९४ साली ते वारले, तेव्हा क्षमा अगदीच लहान होती. बाप गेलेल्या मुलीचं लहानपण नातेवाइकांच्या आधारावर कसं जातं, ते सांगायला नको. पण मुंबईच्या डॉक्टर राघवेंद्र रावांशी लग्न झालं आणि तिचे दिवस पालटले. परदेश पाहिला, संस्कृत नव्याने हाती घेतलं, आणि टेनिसही. आईनेही रॅकेट धरली होती आणि स्पर्धा जिंकल्या होत्या, हे मला त्या दिवशीच कळलं.

लीला १९११ सालची, मुंबईत जन्मलेली. आपल्या देशात बायकांचं टेनिस तेव्हा बहुतेक गोऱ्यांच्या जिमखान्यातलं. मेहेरबाई टाटा साडी नेसून खेळत आणि बक्षिसं नेत, त्या अपवाद. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतातर्फे खेळली ती नोरा पॉली. १९२९ ला विम्बल्डनला खेळली ती जेनी सँडिसन, अँग्लो-इंडियन. मग १९३१ साली अखिल भारतीय स्पर्धेच्या विजेत्यांत लीला राव हे नाव लागलं आणि त्या दशकात पुन्हा पुन्हा लागत राहिलं.

आता १९३४ चा तो सामना. समोर इंग्लंडची ग्लॅडिस साउथवेल. पहिला सेट लीला हरली, ४-६. दुसरा १०-८. तिसरा ६-२. आकडे एवढेच आहेत, पण मी ते पुन्हा पुन्हा वाचले. तेव्हा टायब्रेक नव्हता. नातीने समजावून सांगितलं की दोन गेमची आघाडी मिळेस्तोवर सेट चालूच राहायचा. म्हणजे एक सेट गमावलेली बाई, परक्या गवतावर, हरायच्या काठावर उभी राहून अठरा गेम खेळली. त्यानंतरच्या ६-२ वरून दिसतं की दम कोणाचा संपला होता. अठरा गेम, आणि गीतेचे अध्यायही अठरा. संस्कृतच्या बाईला असले हिशेब सुचतात, त्याला इलाज नाही.

पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अॅडमॉफने तिला हरवलं.

पण अठराचा हिशेब मला उगीच सुचला नव्हता. लीलाच्या आईने गांधीजींच्या लढ्यावर सत्याग्रहगीता लिहिली, तीही अठरा अध्यायांची, अनुष्टुभात. १९३२ साली ती पॅरिसला छापली गेली. इथे छापली असती तर सरकारने जप्तच केली असती, असं माझं मत. म्हणजे आई सत्याग्रहावर श्लोक रचते आणि दोनच वर्षांनी लेक साम्राज्याच्या राजधानीत जाऊन साहेबाच्या हिरवळीवर साहेबाचा खेळ खेळते. आणि त्याच सुमारास गांधीजी कुठे? साबरमती सोडून आलेले, आमच्या वर्ध्याला जमनालालजींकडे. १९३६ ला ते सेगावला गेले, त्याचंच पुढे सेवाग्राम झालं. माझे वडील सेलूहून सायकलने तिथल्या प्रार्थनेला जात. वडिलांपुढे ही मायलेक ठेवली असती तर आईला नमस्कार केला असता आणि लेकीबद्दल "हं" म्हणून चरख्याकडे वळले असते. मला मात्र दोघींमध्ये विसंगती दिसत नाही. शत्रूची भाषा शिकावी तसा त्याचा खेळ शिकावा, आणि मग १०-८ ने हरवावं.

एक मात्र खरं. हे सगळं पैसेवाल्या घरातलं. तेव्हा टेनिस हौशी खेळाडूंचं होतं, विम्बल्डनला बक्षिसाची रक्कमच नव्हती, ती १९६८ पासून आली. बोटीचं भाडं, रॅकेट, तिकडचा मुक्काम, सारं घरच्या खिशातून. सेलूतली कुणी कास्तकाराची पोर त्या काळी चौथी शिकली तरी कौतुक होतं. माझी आई चौथीच शिकलेली.

१९४३ साली लीलाने आयसीएस अधिकारी हरीश्वर दयाल यांच्याशी लग्न केलं. तिचा नृत्याचाही अभ्यास होता, नृत्तमंजरी नावाचं पुस्तक १९४८ चं. दयाल पुढे नेपाळमध्ये राजदूत झाले आणि १९६४ साली एव्हरेस्टकडच्या खुंबू भागात पायी फिरताना वारले. त्यांच्या डोंगराळ मुलुखातल्या वर्षांनी लीलाच्या लिहिण्यात काय आणलं असेल, याचा विचार मी परीक्षेच्या वयात कधी केला नव्हता.

लीलानंतर विम्बल्डनला मुंबईच्या निरुपमा मांकड १९७१ ला आनंद अमृतराजबरोबर मिश्र दुहेरीत उतरल्या. निरुपमा वैद्यनाथनने १९९८ ला ऑस्ट्रेलियात मुख्य फेरीतला सामना जिंकला. सानियाने विम्बल्डनला पहिला एकेरी सामना जिंकला २००५ साली. लीलाच्या त्या दुपारपासून मोजलं तर एकाहत्तर वर्षांनी.

करपलेली उसळ दोघींनी दह्याबरोबर खाल्ली. मी माळ्यावरून एम.ए.ची वही काढली. वाळवी लागलेली, पण क्षमा रावांचं पान शाबूत होतं. लेकीच्या ओळीपुढे समासात मी पेनने लिहिलं, ४-६, १०-८, ६-२.

नात वाकून बघत होती. "आजी, ते शेवटचं, जयन्तु कुमाऊनीयाः, त्यात काय होतं?"

"कुमाऊँच्या लोकांचा जय असो, असा अर्थ."

"अर्थ नाही गं. गोष्ट काय आहे?"

चाळीस वर्षं मला ते नाव विसर्गासकट पाठ आहे. नाटक मी वाचलेलं नाही.